राखून ठेवलेली नजर

वैजापूर तालुक्यात आजही कुणाला डोळ्याचं दुखणं लागलं की माझ्या मामांची गोष्ट निघते. एवढं परदेशात नेलं, आगबोटीनं नेलं, आणि तिथल्या गोऱ्या डॉक्टरनं होती ती नजर घालवली. ही गोष्ट मामांनीच लोकांना सांगितली. ओट्यावर बसून, हातानं सुपारी चाचपत, ते म्हणायचे, "गोऱ्याचा हात चुकला. दैव आपलं." मी शेजारी बसलेलो असायचो. मान खाली घालून. लोकांना वाटायचं भाच्याला दुःख होतंय.

मामा मागल्या वर्षी गेले. आता खरं सांगावं तर मामांना खोटं पाडल्यासारखं होतं, आणि न सांगावं तर त्या डॉक्टरला. आयुष्यभर मी न बोलण्याची बाजू धरली. आता पंचेचाळिशी आली. डॉक्टरचा हात चुकला नव्हता. चुकली होती ती माझी जीभ, आणि तीही चुकून नव्हे.

मामांनी मला वाढवलं. माझे वडील मी लहान असतानाच करमाडला वारले. मामांनी मला औरंगाबादला शाळेत घातलं, पुढं हैदराबादला शिकवलं. उर्दूतून सगळं शिकून मी इंग्रजीचा मास्तर झालो आणि औरंगाबादच्या सरकारी शाळेत लागलो, तेव्हा मामांनी गावात गूळ वाटला. त्यांना माझी इंग्रजी फार कौतुकाची. तार आली की ती मीच वाचायची, मग ती हैदराबादच्या कापसाच्या दलालाची का असेना.

मामांची नजर पन्नाशीतच आकसायला लागली. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. चालताना खांबाला खांदा लागायचा. मामी म्हणायची, "आवं, दारातून जा की, भिंतीतून काहून जायलेत?" मामा हसायचे. गावातले सगळे म्हणायचे मोतीबिंदू आहे, पिकला की काढतील, लख्ख दिसेल. शहागंजातल्या एका डॉक्टरसाहेबांना दाखवलं. ते व्हिएन्नाला शिकून आलेले होते. त्यांनी बराच वेळ डोळ्यात बघितलं आणि मग मामांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "पाटील, मेरे बस का नै. मेरे उस्ताद के पास जाओ. बडे आदमी हैं, देखेंगे." आता कळतं, त्यांनाही सांगायचं नव्हतं. त्यांनी ते सांगण्याचं काम व्हिएन्नातल्या आपल्या गुरूकडे ढकललं.

आमच्याकडं वाईट बातमी सांगायची एक रीत आहे. माझे वडील गेले तेव्हा करमाडहून माणूस आला तो म्हणाला, "दाजींचं जरा कमी-जास्त हाय. चला." मामांनी फेटा बांधता बांधता विचारलं, "लाकडं सांगितली का?" माणूस म्हणाला, "व्हय." इतकंच. कोणी खोटं बोललं नव्हतं आणि कोणी खरं उच्चारलंही नव्हतं. सांगणाऱ्यानं कमी सांगायचं, ऐकणाऱ्यानं पुरतं समजून घ्यायचं. मामा तर या भाषेतले मुरलेले गृहस्थ होते. हे मी पुढं स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं.

बोटीनं, मग आगगाडीनं आम्ही दोघं व्हिएन्नाला पोचलो. त्या मोठ्या डॉक्टरांनी मामांना अंधाऱ्या खोलीत बसवून दोन्ही डोळे तपासले. मग दिवा लावला, हात पुसले आणि माझ्याकडं वळून सावकाश, तुटक इंग्रजीत बोलले. डावा डोळा गेलेला आहे. उजव्याचं जे गेलं ते परत येणार नाही, कुणी आणू शकणार नाही. जे उरलंय ते वाचवण्यासाठी शस्त्रक्रिया करता येईल, पण तीत उरलेलंही जाण्याची भीती आहे. न केल्यास वर्षभर, कदाचित थोडं जास्त दिसत राहील. ठरवायचं त्यांनी. करायची असेल तर पंधरा दिवसांनी करू, आणि तोवर त्यांना जे जे पाहायचं असेल ते पाहू द्या.

मामा म्हणाले, "काय म्हणतेत?"

मी म्हणालो, "डॉक्टर म्हणतात, डावा जरा नाजूक आहे. पंधरा दिवसांनी उजव्याचं ऑपरेशन करू. थोडं कमी-जास्त असतंच."

मी थांबलो. मला वाटलं, मामा आता समजतील. एखादाच प्रश्न विचारतील, त्या लाकडांसारखा, आणि सगळं उलगडेल. पण मामा खुर्चीत पुढं सरकले. "म्हंजे दिसंल ना?"

डॉक्टर माझ्या तोंडाकडं बघत होते.

"व्हय," मी म्हणालो.

डॉक्टरांनी विचारलं, त्यांची तयारी आहे का? मी त्यांनाही म्हणालो, हो.

माझं गणित कुठं चुकलं ते मला फार उशिरा उमगलं. तेच शब्द मी माझे म्हणून बोललो असतो तर मामांनी माझ्या चेहऱ्यावरून, आवाजावरून सगळं ताडलं असतं. पण मी म्हणालो, डॉक्टर म्हणतात. आणि मामांची पक्की समजूत होती की गोरा माणूस आडपडदा ठेवून बोलत नाही, जे आहे ते तोंडावर टाकतो. आपल्या माणसाच्या बोलण्यातून त्यांनी खरं उकरून काढलं असतं. गोऱ्याच्या बोलण्यात उकरण्यासारखं काही असतं हे त्यांच्या मनातच आलं नाही.

हे झालं गणिताचं. दुसरी गोष्ट गणिताची नाही. मुंबईत बोटीवर चढण्याआधी मी व्हिएन्नाची माहिती देणारं एक चोपडं घेतलं होतं आणि बोटीवर ते पाठ केलं होतं. राजवाडे, चित्रांचे महाल, जगभरचे प्राणी, दगड, मुकुट. मामांना खरं कळलं असतं तर ते म्हणाले असते, चल घरी. वर्षभर का होईना, मामीचं तोंड बघतो, रान बघतो, लेकीच्या होणाऱ्या पोराचं तोंड बघतो. आणि आम्ही दुसऱ्या दिवशी गाडीत बसलो असतो. मला ते शहर बघायचं होतं. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

बाहेर पडल्यावर मामा खुशीत होते. "आता मास्तर," मला चिडवायचं असलं की ते मास्तर म्हणत, "पंधरा रोज तू हिंडून घे. मी येतो संगं. पण मी काय बी बघणार नाय."

"का?"

"आरं, दिवटीत तेल थोडं असलं तर उगं जाळीत बसत्यात का? नजर राखून ठिवतो. आप्रेशन झालं की धड डोळ्यानं बघू."

आणि खरंच त्यांनी तसंच केलं. खोलीतून निघताना फेट्याचा शेमला ओढून डोळ्यांवरून घ्यायचे, मागं खोचायचे आणि माझा दंड धरायचे. त्या रस्त्यांवरून, ट्रामच्या घंटांमधून, डोळे बांधलेला फेटेवाला आणि शेरवानीतला मी. लोक वळून बघायचे. एका पोरानं आम्हाला जादूगार समजून मागं यायला सुरुवात केली, त्याच्या आईनं त्याला ओढून नेलं.

"मामा, उघडा डोळे, एवढं काय," मी म्हणायचो. मी खरोखर विनवायचो. पण का, ते सांगत नव्हतो. मग त्या विनवण्याला काय किंमत? मामा म्हणायचे, "तू बघ. मला मागनं दाखीव."

प्राण्यांच्या संग्रहालयात मी त्यांना बाकावर बसवलं आणि फिरायला लागलो. दालनांमागून दालनं. पेंढा भरलेले हत्ती, गेंडे, माणसाएवढे पक्षी. आभाळातून पडलेले दगड, काचेत, खाली नावं लिहिलेली. मी थक्क होत होतो. परत येऊन म्हणालो, "मामा, तिकडं काळवीट ठेवलंय. आपल्याकडचं. अगदी जिवंत वाटतं."

"त्येला बघाया इतक्या लांब? आपल्या कपाशीत रोज येतंय, तिथं हाकलून हाकलून दमलो." आणि मग जरा थांबून, "शिंगं किती पिळाची हायेत?"

मी मोजून आलो. सांगितली. ते समाधानानं मान हलवत राहिले, फेट्याखाली.

एका देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, मला असा धक्का बसला की मी मामांच्या हातातून दंड सोडवून घेतला. लोखंडी दाराआड फडताळात चांदीची भांडी ओळीनं मांडलेली होती. आमच्याकडं देवघरात गडू असतात तशी. वाट दाखवणारा म्हणाला, यांत राजघराण्यातल्या माणसांची काळजं आहेत.

"काय झालं?" मामा.

मी सांगितलं.

"काळजं? आन धड?"

"धड दुसऱ्या देवळात. तळघरात."

"आन आतडी?"

मी विचारलं. "तिसरीकडं."

मामा हळू आवाजात म्हणाले, "मंग पितरांचं पान कुठं ठिवायचं ह्यांनी? तीन ठिकाणी?" मला हसू फुटलं, त्या थंडगार जागी, आणि वाट दाखवणारा रागानं बघू लागला. मामाही खुदूखुदू हसत होते. पण बाहेर आल्यावर ते म्हणाले, "माणसाला एका जागी ऱ्हाऊ द्यावं बाबा. मेल्यावर तरी." माझं हसू तिथंच थिजलं.

सांगायचं, आज सांगायचं, असं रोज सकाळी ठरवायचो. खोलीत उकडलेले बटाटे आणि डब्यातून आणलेली जवसाची चटणी खाताना तर शब्द ओठांवर यायचे. मामा म्हणायचे, "मीठ दे." मी मीठ द्यायचो.

डॉक्टरांच्या दवाखान्यापासून जवळच एक संग्रहालय होतं. वैद्यकी शिकणाऱ्यांसाठी दीडशे वर्षांपूर्वी बनवलेले मेणाचे पुतळे तिथं ठेवले होते. चोपड्यात एवढंच लिहिलं होतं. मला वाटलं, आपल्याकडं जत्रेत मातीची चित्रं असतात तसलं काही असेल. आत गेलो. काचेच्या पेटीत, रेशमी गादीवर, एक तरुण बाई आडवी झालेली. मी ओरडलोच, "अरे देवा!"

मामांना वाटलं मला काही झालं. त्यांनी एका हातानं शेमला ओढून काढला आणि डोळे उघडले.

त्यांची नजर बांबूच्या नळीतून बघितल्यासारखी होती. एका वेळी वाटीएवढं दिसायचं, म्हणून ते मान हलवत तुकड्या तुकड्यानं बघायचे. आधी त्यांना केस दिसले. खरे केस, लांबसडक, मोकळे सोडलेले. मग कपाळ, अर्धवट मिटलेले डोळे, हसरे ओठ. "किती गोड पोरगी हाय," ते म्हणाले. मग गळा, गळ्यात मोत्यांची माळ. मी म्हणालो, "मामा, बास, चला," आणि त्यांचा हात ओढला. त्यांनी हात सोडवून घेतला. मान खाली नेली. गळ्याखाली छाती फाडलेली होती, पोट उघडं, आतलं सगळं जिथल्या तिथं, ओलसर चकाकणारं.

मामा मागं सरले नाहीत. त्यांची मान पुन्हा वर गेली, तोंडापर्यंत, पुन्हा खाली. ती दोन्ही एकाच माणसाची आहेत याची जणू खात्री करून घेत होते.

"मेणाची आहे, मामा. खोटी आहे."

"मेणाची व्हय. पण कुणाच्या तरी लेकीला बघूनच केली असंल ना?"

पलीकडच्या पेटीत मेणाचे डोळे मांडले होते, एकेक नारळाएवढा. निरोगी डोळा, आणि रोग झालेले डोळे. एकाच्या मागची शीर वाळलेल्या देठासारखी दिसत होती. शेजारी इंग्रजीत छापलेली चिठ्ठी होती. मी ती वाचली. देठ वाळला की फळाला पुन्हा रस येत नाही, एवढं कळायला मास्तर व्हावं लागत नाही. डॉक्टरांचं बोलणं मी ऐकलं होतं, पण ते खरं असतं हे मला त्या क्षणापर्यंत कळलंच नव्हतं असं वाटलं. आणि पाठीमागं मामा म्हणत होते, "ह्ये बघाया डोळे राखले व्हते का रं मी? आता आप्रेशनपरेंत मला काय बी दाखवू नको." ते शेमला पुन्हा बांधत होते, नीट, घट्ट.

मी त्यांना बाहेरच्या अंगणात नेऊन बसवलं. म्हणालो, "मामा, एक बोलायचंय. डॉक्टर म्हणाले होते..."

"आरं हां," मामा म्हणाले, "मी बी तुला सांगणारच व्हतो. रातभर मनात घोळतंय. पयलं काय बघायचं त्ये ठरवलंय मी. नव्या हिरीला पाणी लागलंय म्हणं, त्ये वाकून बघायचं. मंग लेकीचं लेकरू. मामीचं तोंड तर काय, चाळीस वर्सं बघायलोय, पण त्ये बी येकदा पुरं बघायचंय, कडंकडंनं. तू काय म्हणत व्हतास?"

"काही नाही," मी म्हणालो. "डॉक्टर म्हणाले होते, थंडीत जास्त बसू नका."

शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढायच्या दिवशी खोलीत ऊन भरलेलं होतं. पांढऱ्या चादरीवर, मामांच्या हातांवर, तोंडावर ऊन. डॉक्टरांनी शेवटची घडी उचलली. मामांनी पापण्या उघडल्या, इकडं तिकडं मान फिरवली आणि म्हणाले, "दिवा लावा की."

परिचारिकेला भाषा कळली नव्हती, पण तिनं तोंड फिरवलं.

डॉक्टर मामांच्या शेजारी बसले. त्यांचा हात हातात घेतला आणि माझ्याकडं न बघता, सरळ त्यांच्याकडं बघत बोलले. मामा म्हणाले, "काय म्हणतेत?"

या वेळी मी शब्दाला शब्द सांगितला. "डॉक्टर म्हणतात, फार वाईट वाटतं. म्हणतात, पहिल्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही जाऊ शकते. हे माहीत असून तुम्ही तयार झालात, असा धीराचा माणूस मी पाहिला नाही."

मामांचा चेहरा तसाच राहिला. मला वाटलं ऐकलं नाही. मग त्यांनी डॉक्टरांच्या हातातून हात काढून घेतला, दोन्ही हात जोडून त्यांना नमस्कार केला, आणि मला विचारलं, "पयल्या दिशी?"

"व्हय."

"पयल्या दिशी," ते पुन्हा म्हणाले. या खेपेला तो प्रश्न नव्हता.

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय ओढून घेतले नाहीत, मला उठवलंही नाही. म्हणाले, "घरी कुणाला सांगू नको. तुझ्या मामीला तर नकोच. ती तुला घरात येऊ द्यायची नाय." मला मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या तर मी वाचलो असतो. ते मला वाचवायला निघाले होते, आणि त्यात मी संपलो.

निघायच्या आदल्या दिवशी मी सामान बांधत होतो. मामा म्हणाले, "मला घिऊन चल."

"कुठं?"

"तू जिथं हिंडलास तिथं. मोठमोठी चित्रं हायेत म्हणं. येक तरी दाखीव."

चित्रांच्या महालात मी त्यांना घेऊन गेलो. आता शेमला पाठीवर होता, डोळे उघडे होते, आणि ते पायऱ्या चाचपत चढत होते. कुठलं चित्र दाखवावं? देवांची, राजांची, उघड्या बायकांची चित्रं ओलांडून मी त्यांना एका शेतकऱ्यांच्या लग्नाच्या चित्रापुढं उभं केलं. म्हटलं, हे यांना कळेल.

"सांग," मामा म्हणाले. "आन ह्या बारीला पदरचं काय घालू नको."

मी सांगू लागलो. खळ्यातली कोठी आहे, मामा. पाठीमागं भिंतच गंजीची. लांब टेबलाला पंगत बसलीय. दोघं वाढपी ताटं घेऊन येतायत. ताटं कशावर, तर दाराची फळी काढलीय, तिच्यावर.

"म्हंजे दार उघडंच ऱ्हायलं," मामा म्हणाले. त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. "लई मानसं दिसत्यात मंग."

दारात गर्दी आहे. अजून आत घुसायलेत. एक जण घागरीतून सुरईत ओततोय. एक लहान पोर खाली बसून बोटं चाटतंय, डोळ्यावर टोपी आलीय. वाजंत्रीवाला वाजवायचं सोडून ताटांकडं बघतोय.

"भुका लागल्या असतील. आधी वाजंत्र्याला जेवू घालावं. आन नवरी?"

हिरव्या कापडापुढं बसलीय. गाल लाल. हात जुळवून, डोळे मिटून.

"डोळे मिटून," मामा म्हणाले. "आन नवरदेव?"

मी शोधू लागलो. टेबलाच्या या कडेला, त्या कडेला, वाढप्यांत, सुरईवाल्यात. नवरदेव म्हणावा असा कुणीच सापडेना. मी चित्राच्या इतका जवळ गेलो की पहारेकऱ्यानं हात आडवा घातला. मी त्याला खुणेनं, इंग्रजीत विचारलं. त्यानं खांदे उडवले. त्याच्या मोडक्या इंग्रजीत तो म्हणाला, कुणालाच ठाऊक नाही.

मी परत आलो. "मामा, नवरदेव दिसत नाही."

"लग्नात नवरदेव नाय?"

"चित्रात नाही. पहारेकऱ्याला विचारलं. कुणालाच सापडलेला नाही म्हणतो."

मामांचे उघडे डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत होते. त्यांनी हात पुढं केला, माझी बाही सापडवली आणि दंड धरला.

"असू दे," ते म्हणाले. आवाज अगदी मऊ होता, लहान पोराची समजूत काढताना असतो तसा. "काय वंगाळ झालं असंल त्येचं. तू नको सांगू. चल."

मी तिथंच उभा राहून त्यांना पुन्हा पुन्हा सांगत राहिलो की खरंच नाही, मामा, खरंच दिसत नाही, तुमच्या गळ्याची शपथ. लोक बघायला लागले. मामा म्हणत राहिले, "व्हय, व्हय," आणि मला दाराकडं ओढत राहिले. दार कुठं आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं.